बातमी अडवणारा माणूस



या व्यासपीठावर संपादक बोलून गेले, बातमीदार बोलून गेले. बातमीच्या धंद्यात राहून एकही बातमी न लिहिणाऱ्या माणसाला बोलावण्याचं धाडस आयोजकांनी केलं, त्याबद्दल त्यांचे आभार. मी एका वृत्तकंपनीत टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअर आहे. वेबसाइट आणि ॲप नीट चालतं का, हे तपासणारे प्रोग्रॅम मी लिहितो. डेव्हलपरने कोड बदलला की तो वाचकांपर्यंत जाण्याआधी माझे प्रोग्रॅम ब्राउझर उघडतात, मुख्यपान चाळतात, बातमीवर क्लिक करतात, व्हिडिओ लावून बघतात. काही चुकलं की टेस्ट लाल होते आणि रिलीज थांबते. सगळे घाईत असलेल्या धंद्यात मला पगार मिळतो तो अडवण्याचा.

बँकेत हेच काम करणाऱ्या माझ्या मित्रांचं एका अर्थी बरं आहे. खात्यात हजार भरले, दोनशे काढले, तर आठशे उरले पाहिजेत. आजही आणि उद्याही. माझ्या मुख्यपानावर सकाळी पाऊस असतो, दुपारी निकाल, संध्याकाळी क्रिकेट. काल लिहिलेल्या टेस्टला आज तो मथळाच सापडत नाही. म्हणून मथळ्यात काय लिहिलंय हे आम्ही तपासत नाही. मथळ्यावर क्लिक केल्यावर पान उघडतं का, फोटोला ओळ आहे का, बातमीची वेळ भविष्यातली तर नाही ना, हे तपासतो.

हा शेवटचा नियम तुम्हाला हास्यास्पद वाटेल. भविष्यातली बातमी कोण देणार? २१ जून २०१७ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने दिली. त्यांच्याकडे ‘क्वेकबॉट’ नावाचा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडून भूकंपाची सूचना आली की तो बातमी रचतो. मार्च २०१४मध्ये भूकंपानंतर तीन मिनिटांत त्याची बातमी झळकली आणि जगभर कौतुक झालं. २०१७ साली त्याने सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेच्या भूकंपाची बातमी दिली. भूकंप खरा होता, पण १९२५ सालचा! त्या जुन्या नोंदीतलं ठिकाण दुरुस्त करताना चुकून सूचना सुटली होती, आणि सूचनेवर साल होतं २०२५. म्हणजे आठ वर्षं पुढचं. ‘तारीख उद्याची किंवा त्यापुढची असेल तर थांब’ एवढी एक ओळ पुरली असती. लोक म्हणाले, यंत्र चुकलं. माझ्या मते यंत्र सांगितलेलं काम चोख करत होतं. कधी थांबायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा धोका तर आमच्याच घरातला. तपासणीसाठी आम्ही नकली बातम्या करतो: तीन ओळींचा मथळा, फोटो नसलेली बातमी, मृत्युवार्ता. त्या स्टेजिंगवर, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या पण वाचकांना न दिसणाऱ्या साइटवर असतात. कुंपण तेवढंच. मे २०२२मध्ये बीबीसीच्या वृत्तवाहिनीवर पडद्याखालच्या पट्टीत अचानक ‘मँचेस्टर युनायटेड रद्दड आहे’ अशा अर्थाची ओळ धावली. कुणी तरी ती पट्टी चालवायला शिकत होतं, असं सांगून निवेदिकेने माफी मागितली. लोक हसले, विषय संपला. नोव्हेंबर २०२०मध्ये फ्रान्सच्या ‘आरएफआय’ रेडिओचं प्रकरण मात्र हसण्यावारी जाणारं नव्हतं. वेबसाइट एका प्रणालीतून दुसरीकडे हलवताना आधीच लिहून ठेवलेल्या शंभरेक मृत्युवार्ता प्रसिद्ध झाल्या. इंग्लंडची राणी, पेले, क्लिंट ईस्टवुड. तेव्हा सगळे हयात. स्थलांतर कितीही सरळ दिसलं, तरी ‘मसुदा होता तो मसुदाच राहिला का’ ही पहिली टेस्ट असली पाहिजे. सराव आणि प्रक्षेपण एकाच लॉगिनवर चालत असेल, तर ती व्यवस्था माझ्या दृष्टीने नापास.

खोट्या लाल टेस्टचाही एक रोग आहे. कोड तोच असताना टेस्ट कधी पास, कधी फेल. जाहिरात उशिरा लोड झाली, नेटवर्क अडखळलं, एवढंही पुरतं. गूगलने २०१६मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये ही लहर थोडीफार आहे. गूगलची ही गत, तर आमची काय सांगावी! मग टीमला सवय लागते: ‘लाल आहे? परत रन कर.’ अशी टेस्ट मी काढून टाकतो. तिच्यामुळे खऱ्या लाल टेस्टकडेही कुणी बघत नाही.

आता आपल्या भाषेकडे येतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक: साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि य. दुसरा: खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. पडद्यावर फरक शून्य. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांच्या मानकात असे पर्याय एकसारखे करण्याची जी ठरावीक पद्धत आहे, तिच्यातही ते एक होत नाहीत, ती सोय आपल्यालाच लिहावी लागते. नाही लिहिली, तर बातमीदाराने एका प्रकारे टाइप केलेलं वाचकाने दुसऱ्या प्रकारे शोधायचं आणि उत्तर यायचं, ‘एकही बातमी सापडली नाही’. बातमी समोर असते!

मथळा कापण्याचंही तसंच. नोटिफिकेशनमध्ये जागा थोडी, म्हणून प्रोग्रॅम ठरावीक चिन्हांनंतर मजकूर तोडतो. ‘शिक्षणमंत्री’ चौथ्या चिन्हानंतर तोडला की उरतं ‘शिक्’. इंग्रजी मथळ्यावर ही कापाकापीची टेस्ट कायम हिरवी, म्हणजे पास राहते. मराठी मथळा टेस्टमध्ये घातला नाही, तर दोष कुणाला कळणारच नाही, आणि तो मथळा घालणारा माणूस मराठी वाचणारा हवा.

म्हणून समोर बसलेल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ला सुरू झालं. बीबीसीच्या जगभरातल्या भाषांच्या साइट ज्या कोडवर चालतात, त्याचं नाव ‘सिमॉर्ग’. तो गिटहबवर खुला आहे, टेस्टसकट, आणि त्यात मराठीही आहे. सुट्टीत तो उघडा, टेस्ट वाचा, आणि मराठीची कोणती अडचण तिथे कुणी तपासलेली नाही, ते शोधून लिहून पाठवा.