'आमच्यातलाच'
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आज मी तुम्हाला एका भाड्याच्या खोलीची गोष्ट सांगणार आहे.

कॉलेजला असताना निपाणीकडच्या एका मित्राबरोबर मी बेळगावात खोली शोधत होतो. घरमालकांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, पाहुणे कुठले तेही विचारलं. मग मित्राकडे बघून म्हणाले, "आणि हा?" मी पटकन सांगून टाकलं, "आमच्यातलाच." खोली मिळाली. जिना उतरताना मित्र एवढंच म्हणाला, "आता वर्षभर मला तुमच्यातलं राहावं लागणार."

तो तसा राहिला. मालकीणबाई कौतुकानं म्हणायच्या, "किती संस्कारी मुलगा!" गणपतीत आरतीचं ताट त्याच्याच हातात द्यायच्या. त्याची आई अधूनमधून भाकरी-चटणी बांधून बसनं यायची, पण खोलीवर एकदाही आली नाही. मायलेक स्टँडवरच्या बाकावर बसून बोलायची आणि ती तिथूनच परत जायची. तिच्या हातची भाकरी मी रोज खाल्ली. वर मनात समजूत अशी, की मी मित्रावर उपकार केलेत!

आपल्या मराठीत 'जात चोरणे' असा शब्दप्रयोग आहे. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. मग जो स्वतःचंच काहीतरी लपवतो, त्याला आपण चोर का म्हणतो? बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्या शीर्षककथेतला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परमुलखात जात लपवून राहतो. भोवतालचे लोक त्याला विद्वान समजून मान देतात आणि जात कळताच त्यालाच मारतात. माणूस तोच, त्याची विद्याही तीच. म्हणजे मान त्याला नव्हताच, तो त्यांनी मनात रंगवलेल्या जातीला होता.

ही नुसती कथा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःचे अनुभव लिहून ठेवले आहेत. १९०१ च्या सुमारास घरातल्या मुलांबरोबर ते वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुलांचे चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीनं चौकशी केली. जात कळली आणि त्यांचा चेहरा पालटला. पुढे रात्रीच्या प्रवासात टोलनाक्यावर पाणी मागायचं होतं. तिथे आपण मुसलमान आहोत असं सांगावं लागलं. खोटं बोलूनही पाणी मिळालं नाही, मुलं तहानेलीच झोपली.

मग १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहून, त्यांना खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळच्या आत निघून जायला सांगून गेली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते बागेत बसून राहिले. एवढी मोठी पदवी पाठीशी असलेल्या माणसाला जे लपवावं लागलं, ते माझ्या मित्रानं लपवलं तर तो खोटारडा कसा?

तेच बाबासाहेब १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत परिषदेसाठी आपल्या निपाणीत आले होते. त्या गोष्टीला शंभर वर्षं होऊन गेली. नाव लपवून नव्हे, स्वतःच्या नावानं ताठ उभं राहून ते तिथे बोलले. ही आपल्या मातीतली गोष्ट, पण आपल्या मांडवात ती फारशी सांगितली जात नाही.

आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून आपण एकच म्हणत आलो, की आम्ही जे आहोत ते म्हणून आम्हाला ओळखा. आपली भाषा दारावरच्या पाटीवर दिसावी म्हणून आपण झगडलो. ओळख झाकून जगणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग आपल्याच घराचा जिना चढणाऱ्या पोराला आपण ते का करायला लावतो? कचेरीत आपल्याला लागतो तो न्याय आपल्या उंबऱ्यावर का लागत नाही?

माझी चूक मला फार उशिरा कळली. "तो माझा मित्र आहे, हे त्याचं नाव," एवढं मी सांगू शकलो असतो. कदाचित खोली गेली असती, दोघांनी दुसरी शोधली असती. पण मी सोपं उत्तर दिलं आणि त्याचं ओझं वर्षभर त्यानं आणि त्याच्या आईनं वाहिलं.

या मांडवात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी भाडेकरू आहेत. माझं मागणं छोटं आहे. भाडं विचारा, नोकरी विचारा, पाणी किती वाजता येतं ते सांगा. आडनाव ऐकल्यावर "म्हणजे तुम्ही कोण?" हा पुढचा प्रश्न तेवढा गिळून टाका. तो प्रश्न आपण विचारतो, म्हणून समोरच्याला खोटं बोलावं लागतं.

आणि आरतीचं ताट ज्याच्या हातात द्याल, त्याच्या आईलाही घरात बोलवा.

गणपती बाप्पा मोरया!