तागा आधी दिसतो की तार?

भिवंडीत लूमवरून उतरलेला कोऱ्या कापडाचा तागा घडीखात्यात आला, की तपासणारा तो उजेडापुढून भराभर सरकवतो. धागे मोजायला त्याला सवड कुठली? तरी आडवी तार, म्हणजे आडवा धागा, चुकलेली जागा त्याच्या नजरेत भरतेच. मग त्यानं आधी पाहिलं काय, कापड की तार?

हा वाद आपल्याकडे फार जुना, आणि उदाहरणही हेच: तंतू आणि पट, म्हणजे धागे आणि कापड. न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणत, तंतूंपासून झालेला पट ही तंतूंहून वेगळी, खरीखुरी वस्तू आहे आणि आपल्याला ती अखंडच दिसते. बौद्ध तार्किकांना हे अमान्य होतं. पट ही बुद्धीनं केलेली रचना, असं ते म्हणत.

युरोपात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लायप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि अनुभवाची फोड करून मूळ संवेदना शोधायला सुरुवात केली. १९१२ मध्ये माक्स वेर्थायमर यांनी उलट बाजू पुढे आणली. दोन स्थिर रेषा थोड्या थोड्या अवकाशानं उजळल्या, की आपल्याला हालचाल दिसते. ती त्यांपैकी एकाही रेषेत नसते. समग्रतेचा विचार करणारं गेस्टाल्ट मानसशास्त्र इथून वाढलं.

मला मात्र घडीखात्याला सर्वांत जवळची वाटते ती मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांची १९८० मधली मांडणी. रंग, दिशा असे गुण मेंदू आधी सुटे टिपतो. ते एकत्र जुळवायला लक्ष द्यावं लागतं. पांढऱ्या ताग्यात चुकून निळी तार गेली तर ती शोधावी लागत नाही, आपणहून दिसते. पण चौकडीच्या कापडात रंग सगळे बरोबर आहेत आणि एके ठिकाणी फक्त त्यांचा क्रम उलटला आहे, असं झालं तर एकेक चौकट निरखावी लागते.

समग्रतावाद्यांचं म्हणणंही इथे टिकतंच. वीण एकसारखी असते म्हणून तुटलेली जागा उठून दिसते. मुळातच जाड-बारीक सुताच्या कापडात तोच दोष लपून जातो.

म्हणून चौकडीचं कापड साध्या कापडाच्या वेगानं तपासायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे सुटलेली चूक दर वेळी हलगर्जीपणाची नसते. पुष्कळदा नजरेला लागणारा वेळच दिलेला नसतो.