खर्र्याची पन्नी आणि वावरातलं गांडूळ

आज जिवतीच्या डोंगरावरच्या मातीबद्दल बोलू. प्लास्टिक म्हटलं की आपल्याला समुद्र नाहीतर कासव आठवतं. समुद्र इथून किती लांब! उकिरडा मात्र घरामागेच आहे.

शेण, गोठ्यातली झाडलोट, चुलीची राख, सगळं उकिरड्यावर जातं. हल्ली त्याच टोपलीत खर्र्याची पन्नी, शॅम्पूची पुडी, चिप्सचं पाकीटही असतं. शेण कुजतं, पन्नी कुजत नाही. उन्हाळ्यात ते खत कपाशीच्या वावरात पडतं, वरून रोटावेटर फिरतो आणि पन्नीचे बारीक तुकडे होतात. बांधावर पडलेली युरियाची चुंगडी तर उन्हानं अशी होते, की हात लावला की भुगा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक.

आता गांडूळ. ते पालापाचोळा आणि माती खातं, त्यासोबत हे तुकडेही गिळतं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली गांडुळांच्या खाण्यातच प्लास्टिक मिसळलं. प्रमाण जास्त होतं तिथे वाढ खुंटली, मरणारी गांडुळं वाढली. खरं सांगायचं तर तेवढं प्लास्टिक आपल्या वावरात नसतं, म्हणून घाबरवत नाही. पण गांडूळ हे तुकडे बिळातून खाली नेतं, आणि खाली गेलेलं वेचणार कोण? बर्लिनच्या संशोधकांना २०१८ साली दिसलं, की पॉलिस्टरच्या धाग्यांनी मातीची पाणी धरण्याची ताकदच बदलते. पावसावर शेती असलेल्या डोंगराळ भागात ही बारीकसारीक गोष्ट नाही.

माणसाचं काय? २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांना काही रुग्णांच्या मानेच्या रक्तवाहिनीत साचलेल्या थरात प्लास्टिक सापडलं. अशांना पुढे हार्ट अटॅक, स्ट्रोक जास्त आले. प्लास्टिकमुळेच आले, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

राज्यात गुटखाबंदी २०१२ ची, प्लास्टिकबंदी २०१८ ची. खर्र्याची पन्नी दोन्हींना पुरून उरली!

मग करायचं काय? उकिरड्याची टोपली वेगळी ठेवा. खत भरतानाच पन्न्या वेचा, कारण वावरात पसरल्यावर ते जमत नाही. चुंगड्या सावलीत ठेवा. आणि जाळू नका, विषारी धूर आपल्याच नाकात जातो.

एक प्रयोग करा. पेरणीच्या वेळी धुऱ्याजवळ सुती चिंधी आणि खर्र्याची पन्नी शेजारी-शेजारी पुरा, खूण म्हणून काडी रोवा. पोळ्याला उकरा, दोन्हींचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा.