कोरड्या डोळ्यांची ओळख आणि निदान

हुबळीजवळच्या तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत धूळ, धूर आणि भट्टीची कोरडी धग यांच्या सान्निध्यात दिवस काढणारा कामगार डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपते किंवा संध्याकाळी डोळ्यांना सारखे पाणी येते, अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येतो. पाणी येणारा डोळा कोरडा कसा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डोळ्याचा पृष्ठभाग सुकून टोचू लागला की मोठी अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते, आणि ते पाणी डोळ्यावर न टिकता गालावर ओघळते.

डोळ्यावर अश्रूंचा जो अतिशय पातळ थर असतो, त्याला अश्रुपटल म्हणतात. त्यातील पाणी अश्रुग्रंथींतून येते, ते पृष्ठभागाला धरून ठेवणारा चिकट द्रव श्लेष्मल पेशींतून, आणि बाष्पीभवन रोखणारे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून. पाणी कमी पडले किंवा तेल बिघडून पाणी लवकर उडून गेले, तरी डोळा कोरडा पडतो; अनेक रुग्णांत ही दोन्ही कारणे एकत्र आढळतात.

निदानाची सुरुवात उपकरणाने न होता विचारपूस करून व्हावी. त्रास दोन्ही डोळ्यांना आहे का, पडद्यासमोर किंवा पंख्याखाली तो वाढतो का, पापण्या मिचकावल्यावर धूसरपणा क्षणभर निवळतो का, हे विचारावे. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे आणि काचबिंदूचे परिरक्षक घातलेले थेंब यांचीही चौकशी करावी. तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर शोग्रेनच्या आजाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याची, शंका घ्यावी. खाज प्रबळ असल्यास अ‍ॅलर्जीचा विचार आधी करावा. ग्राइंडरवर काम करताना एकाच डोळ्यात अचानक खुपू लागले, तर वरची पापणी उलटून धातूचा कण शोधल्याशिवाय कोरडेपणाचे निदान करू नये.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण एका तपासणीने अश्रुपटल ढवळले गेले की पुढच्या तपासणीचा निष्कर्ष बिघडतो. म्हणून आधी पापण्यांच्या कडा पाहाव्यात आणि मग फ्लुरेसीन हा पिवळा रंग किंचित लावून स्लिट लॅम्प या तपासणी-उपकरणाच्या निळ्या प्रकाशात डोळा न्याहाळावा. रुग्णाने शेवटच्या वेळी पापणी मिटून उघडल्यापासून हिरव्या चकाकीत पहिला काळा डाग उमटेपर्यंतचा वेळ दहा सेकंदांपेक्षा कमी भरला, तर अश्रुपटल अस्थिर समजतात. बुबुळावर हिरवे ठिपके धरले असतील, तर पृष्ठभागाला इजा झालेली असते. शर्मर चाचणी शेवटी करावी. तिच्यात 5 मिलिमीटर रुंदीच्या टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून 5 मिनिटे ठेवतात. भूल न देता केलेल्या या चाचणीत ओल 5 मिलिमीटरही पुढे सरकली नाही, तर पाण्याची कमतरता ठळकपणे दिसून येते.

तथापि, कोणताही एक आकडा म्हणजे निदान नव्हे. कधी तीव्र तक्रारी असूनही डोळा जवळजवळ निर्दोष दिसतो, तर कधी ठिपक्यांनी भरलेल्या डोळ्याच्या रुग्णाला फारसे जाणवतही नाही, विशेषतः बुबुळाची संवेदना मंदावली असल्यास. म्हणूनच लक्षणे आणि तपासणी या दोन्हींचा मेळ घालूनच निष्कर्ष काढावा, आणि पाणी कमी पडते की तेल, हे ठरवूनच उपचार निवडावेत.

रुग्णांना एवढेच आग्रहाने सांगणे आहे की, औषधाच्या दुकानातून स्टेरॉईडचे थेंब परस्पर आणून घालू नयेत, कारण त्यांनी तात्पुरता आराम पडला तरी काचबिंदू आणि मोतीबिंदू ओढवू शकतात. आणि तीव्र वेदना, अचानक कमी झालेली दृष्टी किंवा प्रकाश सहन न होणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना डोळे दाखवावेत.