शिकवणाऱ्याचा पहिला धडा



परमुलखात वैद्यक शिकवण्यासाठी स्वेच्छेने जाणाऱ्या डॉक्टरजवळ पदवी असते आणि हातोटीही असते. परंतु तेथे पाऊल ठेवताच, ज्या भाषेत शिकवायचे आणि ज्या साधनांवर भागवायचे, त्या दोन्हींबाबत तो स्वतःच विद्यार्थी ठरतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे अल्प आयुष्य हा त्याचा ठळक दाखला होय.

जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीस आणि नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर हे दोघे मराठी होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघालेले हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये चीनमधील येनानला पोहोचले. तो मुलूख 'लोएस'चा, म्हणजे वाऱ्याने युगानुयुगे वाहून आणून साचवलेल्या पिवळ्या मातीचा आहे. रायगडाचा कातळ छिन्नीलाही सहजी दाद देत नाही. तेथील डोंगर मात्र कुदळीने कोरता येतो, आणि हिवाळ्यात ऊब व बॉम्बवर्षावात आडोसा देणाऱ्या अशा गुहांतच रुग्णांच्या खाटा मांडलेल्या होत्या. मुंबईच्या रुग्णालयात हात बसलेल्या सर्जनला शस्त्रक्रियेची घडी येथे नव्याने बसवावी लागली.

पुढे, शस्त्रक्रियेत बोट कापून झालेल्या जंतुदोषाने १९३९ मध्ये मरण पावलेले कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिकवू लागले. चिनी भाषा आत्मसात करून त्यांनी त्याच भाषेत व्याख्याने दिली आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहावयास घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, ते निवर्तले तेव्हा ते लेखन अपुरेच होते. त्यांच्या तान्ह्या मुलाचे नाव 'यिनहुआ' होते. चिनी भाषेत 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

हाच धडा समुद्र न ओलांडताही मिळतो. मराठवाड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशावर पुस्तकी उपचार तोकडे पडत होते. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी पाहिले की, लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते. पुढे त्यावर 'प्राझोसिन' हे रक्तवाहिन्या सैल करणारे, मूळचे रक्तदाबावरील औषध त्यांनी वापरले. लक्षणांची ही निरीक्षणे १९८२ मध्येच 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि कोकणातल्या खाटेवर उमगलेली गोष्ट जगभरच्या डॉक्टरांपर्यंत गेली.

म्हणून रायगडाच्या पायथ्याच्या, राजमाता जिजाऊंच्या समाधीच्या पाचाड गावातला विद्यार्थी उद्या डॉक्टर होऊन सातासमुद्रापार शिकवावयास गेला किंवा शेजारच्या पोलादपुरात रुजू झाला, तरी भरलेल्या वह्यांबरोबर एक कोरी वही त्याने जवळ बाळगावी; त्या वहीचे पहिले पान तेथील माणसांना लिहू द्यावे.