दोष सेन्सरचा की तारेचा?

मोटारीच्या धूरनळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्यावाचून तो खरे बोलत नाही. म्हणून त्याच्या पोटात विजेचा हीटर बसवतात. आता तपासणीत ‘हीटरचा दोष’ निघाला, तर लगेच सेन्सरच बदलायचा का? छे! आधी फ्यूज पाहा. मग नळी थंड असताना जोडणी सोडवा, इंजिन चालू करा आणि पुरवठ्याची तार व गाडीचा सांगाडा यांमध्ये इंडिकेटरचा बल्ब लावा. नुसत्या मीटरवर भुलू नका. गंजलेली तारही तिथे १२ व्होल्ट दाखवते, पण भार पडताच मान टाकते. बल्ब मिणमिणला, तर पुरवठाच आजारी. लख्ख पेटला, तर परतीची तार आणि मग सेन्सर तपासावा. नाहीतर पैसा जातो, अन् धूर तसाच राहतो!