शनवार तेल्यांची मुले



राजापेठेत बसून यहुद्यांचे घर पाहायचे, तर कोकणापलीकडे जाण्याची गरज नाही. तेथील बेने इस्राएल मराठीच बोलत आणि गावोगाव तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. 1796 सालापर्यंत मुंबईत त्यांचे प्रार्थनामंदिरही नव्हते. तरी आठव्या दिवसाची सुंता, शनिवारची विश्रांती आणि ईश्वर एकच आहे ही ‘शमा’ची साक्ष टिकली. आईबापांनीच ती मुलांच्या जिभेवर ठेवली. अखेरच्या श्वासाबरोबर ओठांवर तीच असावी, असे यहुदी मानतात, आपल्या कलम्याप्रमाणेच.

मय्यतीला गुसल, पांढरे कफन, लवकर दफन, हेही आपल्यासारखेच. पुढे सात दिवस घरचे शोकात बसतात, पहिले जेवण शेजारी आणतात. आईबापांमागे मुलगा अकरा महिने ‘कद्दिश’ म्हणतो. त्यात मृत्यूचा शब्दही नाही, केवळ ईश्वराची स्तुती आहे. पण पालकहो, ती म्हणायला मुलाने आधी शिकलेले असावे लागते! फातेहा पढायला दरवेळी बाहेरचा माणूस शोधणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

नुसत्या घराने भागत नाही, हेही त्यांनी ओळखले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. माझगावच्या त्या शाळेत आज शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत.